दिवाळी होऊ द्या, मग बघू



आपल्या घरांतून एक वाक्य फार ऐकू येते. दाढ ठणकते आहे? दिवाळी होऊ द्या. पत्रा गळतो आहे? दिवाळी होऊ द्या, मग बघू. दाढ आणि पत्रा थांबतातही बिचारे. पण मनाच्या दुखण्यालाही आपण हेच वाक्य लावतो. तसे ते आमच्या घरात लावले गेले. लावणारे आम्हीच होतो, म्हणून ही हकिकत सांगण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आमच्याकडे येतात. ज्यांची ही गोष्ट आहे त्या आमच्या वहिनींना विचारूनच लिहीत आहोत. त्या म्हणाल्या, “लिहा भाऊजी. फक्त नाव नका टाकू. गावात सगळ्याला ठावं हाय, पण पेपरात नको.”

सेनगाव तालुक्यातले साखरा हे आमचे गाव. दादा पुण्याकडे कंपनीत कंत्राटी कामाला. वहिनी, दोन लेकरे आणि आमची माय गावात. दीड एकर कोरडवाहू. 2025 च्या मे महिन्यात वहिनींची माय वारली. दहा-बारा दिवस माहेरी राहून वहिनी परत आल्या आणि कामाला लागल्या. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.

जुलैत वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते आणि वहिनींचा आवाज खणखणीत म्हणून वाचायला त्याच बसतात. ऑगस्टात त्या येईनाशा झाल्या. कधी डोके दुखते म्हणत, कधी पाठ. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. भाकरी तव्यावर करपली तरी शेजारीच बसलेल्या. एका दवाखान्यात नेले, दोन सलाइन लागल्या, टॉनिकची बाटली मिळाली. सलाइनने दोन दिवस बरे वाटले. सलाइनने सगळ्यांनाच दोन दिवस बरे वाटते.

मग सप्टेंबर आला. 2025 चा सप्टेंबर मराठवाड्याने कसा काढला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात गेले, शेंगांना जागेवर कोंब फुटले. गल्लीतल्या प्रत्येक घरात तोंडे उतरलेली. आता सगळ्यांचीच तोंडे उतरलेली असताना एकीचे उतरलेले तोंड कोण बघतो? आम्हीही म्हटले, पीक गेले म्हणून आहे, पंचनामा होऊन पैसे आले की होईल बरे.

बघितले ते आशाताईने. शेतकरी आत्महत्यांमुळे शासनाने 2015 साली मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात हिंगोलीही होता. घरोघर जाऊन झोप, भूक आणि मन यांची चौकशी करण्याचे काम तेव्हा आशाताईंकडे आले. आमच्या आशाताई लसीकरणाच्या कामाने घरी आल्या होत्या. वहिनींशी पंधरा मिनिटे बोलल्या आणि जाताना आम्हाला बाहेर बोलावून म्हणाल्या, “दादा, यांना हिंगोलीला मनाच्या डॉक्टरला दाखवा. हे अशक्तपणाचं नाही.”

आम्ही मान डोलावली आणि हिशेब मांडला. समोर अशोक विजयादशमी. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, गाडीचे पैसे भरलेले. मग सोयाबीनचे जे काही उरले ते काढायचे. मग दिवाळी. आपण लक्ष्मीपूजन करत नाही हे खरे, पण शाळेला सुट्टी असते, कंपनीला सुट्टी असते, बहिणी लेकरे घेऊन येतात, दादा वर्षातून तेव्हाच आठ दिवस घरी असतो. मग 6 डिसेंबर, चैत्यभूमी. मग 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 14 जानेवारीला नामविस्तार दिन. पुढे लग्नसराई, आणि एप्रिलमध्ये जयंती. वाचकहो, आपले वर्ष असे भरलेले आहे की त्यात आजारी पडायला जागाच नाही! तर आम्ही आशाताईंना म्हणालो, “दिवाळी होऊ द्या ताई, दादा आला की तोच घेऊन जाईल.”

1 ऑक्टोबरची रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूरची गाडी निघणार. वहिनी दशम्या बांधत होत्या. मध्येच मायला म्हणाल्या, “आत्याबाई, लेकरं तुमच्यापाशी ऱ्हातील ना नीट? तुम्ही हाव तर मला काळजी नाही.” माय म्हणाली, अगं दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. वहिनी म्हणाल्या, “दोन दिवसाचं नाही म्हणत मी.”

मायने ते वाक्य आम्हाला सांगितले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही आशाताईंना फोन केला. त्यांनी दोन कामे सांगितली. पहिले, घरातले फवारणीचे औषध आत्ताच्या आत्ता उचला आणि दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. दुसरे, वहिनींना सरळ विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतो का. आम्ही चाचरलो. विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरायचा, अशी आमची समजूत. ती चुकीची आहे. जगभरचे डॉक्टर हेच सांगतात की विचारल्याने तो विचार उपजत नाही, उलट उरावरचा धोंडा उतरतो. मायने विचारले. वहिनी रडल्या. ऑगस्टपासून पहिल्यांदा रडल्या. मग म्हणाल्या, येतो, पण करणार नाही, लेकरांकडे बघून.

नागपूरची गाडी आमच्याविना गेली. त्या चार दिवसांत वहिनींना कोणीही एकटे सोडले नाही आणि 14416 या क्रमांकावर दोनदा बोलणे झाले. या क्रमांकाविषयी पुढे सांगतो. सोमवारी, 6 ऑक्टोबरला, एसटीने सेनगाव आणि तिथून हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठले. एक मात्र लिहून ठेवा. ‘करणारच’ असे कोणी म्हणाले किंवा काही करून घेतले, तर सोमवारची वाट बघायची नसते. ओपीडी सणावाराला बंद असते, अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतो. पोलीस केस होईल म्हणून लोक माणूस घरात झाकून ठेवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सालचा आहे आणि 2018 च्या मे महिन्यापासून लागू आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे तो कायदा धरून चालतो, आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. आधी दवाखाना, बाकी सगळे नंतर.

आता आत काय झाले ते सांगतो, कारण आपल्या लोकांना भीती त्याचीच असते. शॉक देतील, बांधून ठेवतील, ‘येड्यायच्या इस्पितळात’ पाठवतील. तसे काहीही झाले नाही. केसपेपर काढला. समुपदेशक ताईंनी आम्हाला बाहेर बसवले आणि वहिनींना एकटीला आत घेतले. झोप कशी, जेवण कसे, कधीपासून, बाळंतपणे कशी झाली, पाळी कशी आहे, घरी कोणी मारझोड करते का, मरणाचे विचार येतात का, असे प्रश्न. डॉक्टरांनी थायरॉईडची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली, कारण अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी माणूस असाच मरगळतो. रोज एक गोळी आणि दोन आठवड्यांनी भेट. डॉक्टर म्हणाले, याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे आणि तो बरा होतो.

इथे आमचा कॅलेंडरचा हिशेब आमच्यावरच उलटला. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, पोटात गडबड, डोके जड असा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागून! माणसे नेमकी याच टप्प्यावर गोळी सोडतात. 6 ऑक्टोबरला सुरू केलेली गोळी लक्ष्मीपूजनाला, म्हणजे 21 तारखेला, पंधरा दिवसांची झाली होती. वहिनींना झोप लागू लागली होती, मन अजून जाग्यावर नव्हते. दिवाळी उरकून सुरू केले असते तर हेच दिवस नोव्हेंबरच्या मध्याला आले असते, दादा कंपनीत परत गेल्यावर. घरात माणसे असताना उपचाराचे पहिले अवघड आठवडे निघाले, हे आमच्या शहाणपणाने झालेले नाही. आशाताईंच्या दटावणीने झाले.

गोळीबरोबर बोलण्याचे उपचारही सुरू झाले. ‘नुसते बोलून काय होते?’ असे आमच्या मायनेच विचारले होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था आहे. तिने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर एक अभ्यास केला. तो 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार दिले. अर्ध्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले. भेटी देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मोठ्या पदव्यांचे नव्हते. साध्या लोकांना शिकवून तयार केलेले होते. तीन महिन्यांनी पाहिले, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 39 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते आणि समुपदेशन मिळालेल्यांत 64 टक्के. अमरावती जिल्ह्यात 30 गावांत असेच काम झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण मदत घेत होते, नंतर सत्तावीस जण घेऊ लागले.

त्या भेटींत करतात काय? दुःख उगाळत बसत नाहीत. माणूस आजारी पडला की एकेक काम सुटते, काम सुटले की मन आणखी खचते, मन खचले की उरलेलेही सुटते. हे चक्र कामाच्या टोकाने उलटे फिरवायचे. वहिनींना पहिल्या आठवड्यासाठी दोनच कामे दिली होती. सकाळी उन्हात शेजारणीबरोबर वीस मिनिटे चालणे, आणि संध्याकाळी धाकट्याच्या पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाचणे. वाचनाचे त्यांनीच सुचवले होते. ताईंनी विचारले होते, पूर्वी काय आवडायचे?

सणात घर भरलेले असते, त्यात हे सगळे जमवायचे कसे, हा प्रश्न आम्हालाही पडला. दोन नणंदा, पाच लेकरे, दादा, शिवाय येणारे-जाणारे. उपचार सुरू झालेल्या माणसाला सुरुवातीला थकवा असतो, कधी भेटीहून आल्यावर जुने सगळे वर येते आणि दिवसभर बोलावेसे वाटत नाही. मायने नणंदांना एवढेच सांगितले, “तिची औषधं चालू हायत, यंदा चुलीपाशी तुम्ही बसा.” कशाची औषधे ते नाही सांगितले. सांगायची सक्ती कोणावर नाही, त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. धाकटीने खोदून विचारलेच. तेव्हा वहिनींनी स्वतः सांगितले. आणि धाकटी म्हणाली, “वहिनी, मलाही बाळंतपणानंतर असंच झालं होतं, मी कोणाला बोलले नाही.” त्या रात्री त्या दोघी किती वेळ बोलत होत्या कोण जाणे.

फोनवर बोलायला घरात आडोसा नव्हता. वहिनी मोबाइल घेऊन आखाड्यावर जात. बरोबर मोठी पोरगी, ती दूर बोरीखाली बसायची.

आपल्या लोकांचे आणखी एक सांगतो, कोणाला टोचले तर टोचो. वहिनींना समजवायला विहारातले एक जुने कार्यकर्ते आले होते. सज्जन माणूस. त्यांनी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती बाई औषध मागत फिरते, आणि भगवान तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. गोष्ट सांगून ते म्हणाले, “दुःख सगळ्यांनाच असतं बाई, तू काय एकटी आहेस?” वहिनी गप्प झाल्या, आणखीच आत गेल्या. आम्हाला तेव्हापासून वाटते की ही गोष्ट आपण उलटी वापरतो. भगवंतांनी त्या बाईला ‘रडू नकोस, सगळ्यांनाच मरायचे आहे’ असे सांगून परत पाठवले नव्हते. तिला उठवून दारोदार पाठवले. प्रत्येक घरात ती बसली असेल, कोणी आपला गेलेला मुलगा सांगितला असेल, कोणी आई. ती ऐकत गेली आणि मग तिच्या कडेवरचे लेकरू तिला स्वतःला खाली ठेवता आले. त्यात घरे आहेत, वेळ आहे, चालणे आहे, ऐकणे आहे. तोंड बंद करायला ही गोष्ट वापरू नये. ‘भीमाचं लेकरू रडत नसतं’ असेही कोणी म्हणते. 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्या तेव्हा बाबासाहेब किती कोलमडले होते, हे चरित्रात लिहिलेले आहे. वाचावे.

जाता जाता दारूविषयी, कारण हाच हंगाम त्याचाही आहे. दीक्षाभूमीवरून आलेला माणूस 22 प्रतिज्ञा आठवून म्हणतो, आजपासून बंद. फार चांगले. पण जो बरीच वर्षे रोज भरपूर पितो, त्याने एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. घरचे म्हणतात बाहेरचे काहीतरी लागले, आणि धावतात भगताकडे. ते दारू एकदम सुटल्याने झालेले असते आणि जिवावर बेतू शकते. अशाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, तिथे औषधे देऊन हे दिवस पार करतात.

आणि ज्यांचे बिऱ्हाड दिवाळीनंतर हलणार आहे त्यांचे काय? आमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता एकदा निघाला की मार्च-एप्रिलशिवाय परतायचे नाही. कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर जाते. ‘मध्येच सोडावे लागेल, तर सुरूच कशाला करा?’ हा प्रश्न खोटा नाही. पण तो सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांसमोर मांडायचा असतो. आम्ही इतक्या तारखेला निघणार, फडावर असणार, हे पहिल्याच भेटीत सांगा. केसपेपर आणि गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात पुढे चालू होते. बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

मधल्या काळासाठी तो क्रमांक, 14416. याला ‘टेली-मानस’ म्हणतात. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केला. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. फडावरून, कंपनीच्या खोलीवरून, कुठूनही लावा. दादाने पुण्याहून एकदा स्वतःसाठी लावला. ते त्याने आम्हाला सांगितले नाही, वहिनींना सांगितले.

दादाची सुट्टी 26 ऑक्टोबरला संपली. निघताना त्याच्या मनात वहिनींना हवापालट म्हणून पुण्याला न्यायचे होते. वहिनीच नको म्हणाल्या. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर एकटे बसण्यापेक्षा इथे शेजारीण आहे, सकाळचे चालणे आहे, हिंगोलीची तारीख आहे.

नोव्हेंबरात वहिनी दोनदा विहारात येऊन बसल्या. वाचल्या नाहीत, मागे बसून ऐकले. मधे चार दिवस पुन्हा फार वाईट गेले, त्यांच्या मायच्या पेटीतले लुगडे सापडले म्हणून. ताई म्हणाल्या, असे होणार, घसरलात म्हणजे परत पायथ्याशी आलात असे नव्हे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गल्लीतली मंडळी चैत्यभूमीला निघाली. वहिनी दर वर्षी जातात. एकीने हाक मारली, “चल की बाई, बरी दिसतीस आता.” वहिनी भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. माझ्या वतीनं फूल वाहा. माझी उद्या हिंगोलीची तारीख हाय.” आणि आम्हाला विचारले, “भाऊजी, सकाळची पहिली एसटी वेळेवर येती का आजकाल?”